दाविदाची वीणा घरी आणायची असेल तर: बेगेना विकत घेतल्यानंतर

इथियोपियाची राजधानी आदिस अबाबा, तिथल्या मर्काटो बाजारात बेगेना, म्हणजे इथली दहा तारांची मोठी वीणा, विकायला टांगलेली दिसते. तिथून घेऊ नका. ती भिंतीवर लावायची वस्तू आहे. रंगवलेलं कातडं, दोन्ही खांबांवर नक्षी, तारा मोजून दहा, आणि छेडून बघाल तर नुसतं 'टप्प' होतं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, चामड्याचे तुकडे नसतात, तिथेच ओळखायचं. ते तुकडे कशाला लागतात ते पुढे सांगते, कारण बेगेनेचा सगळा जीव त्यांत आहे.

मी मूळची नगरची. चर्चच्या मंडळीत पेटी वाजवत मोठी झाले, घरात आईचा मिरजेचा तानपुरा होता. आमचे यजमान इथे विद्यापीठात शिकवतात. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून भारतीय मास्तर इथियोपियात येत आलेत, आम्ही त्यातलेच. अजूनही वयस्कर टॅक्सीवाले "मला गणित एका इंडियन सरांनी शिकवलं" असं सांगून भाडं तेवढंच घेतात.

बेगेना पहिल्यांदा ऐकली ती हुदादेत. हुदादे म्हणजे ईस्टरच्या आधीचा 55 दिवसांचा उपास. मांस, दूध, लोणी, अंडी सगळं बंद, हॉटेलातसुद्धा बहुतेक ताटं शिरो या पिठल्यासारख्या कालवणाची आणि डाळींची. त्या दिवसांत रेडिओचाही सूर बदलतो. नेहमीची नाचाची गाणी मागे पडतात आणि एक खर्जातला, घोगरा, गुणगुणणारा आवाज सुरू होतो, त्यावर कोणीतरी जवळजवळ बोलल्यासारखं गात असतं. मला आधी वाटलं शेजाऱ्यांचा ट्रान्झिस्टर बिघडलाय. मग कानाने ओळखलं, ही जवारी आहे, तानपुऱ्यात असते तीच झिणझिण.

आता वस्तूविषयी. उंची साधारण चार फूट. खाली कातडं मढवलेली चौकोनी लाकडी पेटी, तिच्यातून वर गेलेले दोन खांब, खांबांवर आडवा दांडा. पेटीवरच्या घोडीपासून आडव्या दांड्यापर्यंत दहा तारा. दांड्यापाशी प्रत्येक तारेत एक लाकडी काडी अडकवलेली असते, ती पिळून सूर लावायचा. तारा धातूच्या नसतात, मेंढीच्या आतड्याची तात असते. इथले लोक हिला दाविदाची, म्हणजे बायबलातल्या दावीद राजाची, वीणा म्हणतात. शबाच्या राणीला दाविदाचा मुलगा शलमोन राजा याच्यापासून झालेला मुलगा मेनेलिक, त्याने ती यरुशलेमहून आणली अशी परंपरा. परंपरेकडे पावती मागू नये, पण एक गंमत बघा: राणीच्या भेटीची गोष्ट बायबलातल्या '1 राजे' या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि त्याच अध्यायात, त्या गोष्टीच्या मधोमध, शलमोनाने बाहेरून आलेल्या मोलाच्या लाकडाच्या वीणा गायकांसाठी करवून घेतल्याचं लिहिलंय.

नगरला नाताळच्या नाटकात आम्ही देवदूतांच्या हातात पुठ्ठ्याची, सोनेरी कागद लावलेली त्रिकोणी हार्प द्यायचो. ग्रीटिंग कार्डावर असते तशी, हंसाच्या मानेसारखी वळलेली. शास्त्रात शोधलंत तर देवदूतांच्या हाती हार्प कुठेच सापडत नाही. त्यांच्याकडे कर्णे आहेत. आणि दाविदाचं वाद्यही त्या आकाराचं नव्हतं. खाली पेटी, दोन हात, वर आडवा दांडा, म्हणजे ही समोर आहे तीच ठेवण. रोमनांविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडातल्या, इ. स. 132 ते 135 मधल्या यहुदी नाण्यांवर अशीच वाद्यं कोरलेली आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निनवेच्या राजवाड्यातला एक दगडी पट आहे: अश्शूरी शिपाई तीन कैद्यांना हाकत नेतोय आणि तिघांच्या हातांत अशाच वीणा. कैदी यहूदातले असावेत असं मानतात. 137 वं स्तोत्र, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलेल्यांचं, वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तो पट येतो. पकडून नेणारे म्हणतात, सियोनेचं एखादं गाणं म्हणून दाखवा, आणि हे लोक वीणा झाडांना टांगून मोकळे होतात. जेत्यांच्या करमणुकीला नाही म्हणण्याची ती रीत होती, म्हणून मर्काटोतल्या टांगलेल्या बेगेना बघून मला उगाच राग येतो.

मी घेतली ती एका म्हाताऱ्या कारागिराकडून. घरातच काम करतात, पाटी नाही, म्हणून नाव-पत्ता इथे देत नाही. मला शिकवणाऱ्या मेम्हिरांनी नेलं. (मेम्हिर म्हणजे गुरुजी. कारागिरांना सगळे 'गाशे' म्हणतात, आपल्याकडच्या 'काका'सारखं आदराचं.) गाशेंनी आधी विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, माझ्यासाठी, चर्चमध्ये वाजवीन. ते हसले. "चर्चमध्ये नाही वाजवत बाई, घरी वाजवा."

हे मला नवीन होतं, आणि घेणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवं. इथियोपियन ऑर्थोडॉक्स उपासनेत केबेरो हा मोठा ढोल आहे, त्सेनात्सिल हे हातातलं खुळखुळणारं वाद्य आहे, ताल धरायला मेक्वामिया ही उंच काठी आहे. बेगेना मुख्य उपासनेत नाही. तिची जागा घरात, एकट्याच्या प्रार्थनेत, उपासाच्या दिवसांत, फार तर चार माणसांत. पूर्वी राजेरजवाडे आणि धर्मगुरू ती शिकत. सम्राट तेवोद्रोस आणि मेनेलिक दुसरे वाजवत असं सांगतात. तिची धाकटी बहीण क्रार, तीही याच ठेवणीची पण पाच-सहा तारांची, लग्नात, दारूच्या गुत्त्यात, प्रेमाच्या गाण्यांत चालते. इथली माणसं म्हणतात, बेगेना देवाने दिली आणि क्रार सैतानाने. क्रार वाजवणारेही हे हसत हसत सांगतात.

बायबलात मात्र असा भेद नाही, वीणा दोन्हीकडे आहे. '1 इतिहास' या पुस्तकात (अध्याय 25) आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या हाताखाली 288 तयार गायक-वादक मंदिरासाठी नेमलेत, बारा-बारांच्या चोवीस तुकड्या करून. आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात तीच वीणा दारूच्या मेजवानीत आहे. त्याच्याच तेविसाव्या अध्यायात विसरली गेलेली वेश्या वीणा घेऊन गावभर फिरते. आमोस संदेष्टा तर सरळ सांगतो की देवाला तुमच्या वीणांचा नाद ऐकायचा नाही, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. पुढच्याच अध्यायात हस्तिदंती पलंगांवर लोळत दाविदासारखी वाद्यं काढणाऱ्यांना त्याने झोडपलंय. आमच्या मंडळीत नवीन साउंड सिस्टीमसाठी वर्गणी निघाली तेव्हा ही वचनं कुणी वाचली नाहीत. मीही वाचली नाहीत, म्हणजे दिली वर्गणी.

गुण येतो का? शौल राजाला आला, हे सगळ्यांना पाठ आहे: दुष्ट आत्मा आला की दावीद हाताने वीणा वाजवी आणि शौलाला बरं वाटे (1 शमुवेल 16). पण दोनच अध्याय पुढे जा. दावीद नेहमीसारखा वाजवतोय आणि शौल भाला फेकतो. एकोणिसाव्या अध्यायात पुन्हा तेच, वीणा चालू असतानाच भाला. तेव्हा हल्ली ऑनलाइन 'दाविदाच्या सुरांनी आजार बरे' म्हणून सोळा तारांच्या छोट्या वीणा (लायर) विकतात त्यांना माझा नमस्कार.

आवाजाकडे येते. तारा घोडीवरून जातात तिथे प्रत्येक तारेखाली चामड्याचा एक वळवलेला तुकडा बसवतात, त्याला एन्झिरा म्हणतात. तार हलली की त्या चामड्यावर घासते आणि नुसता 'ढुम्' न येता लांबलचक झिणझिणता नाद येतो. आपण तानपुऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून जवारी लावतो, तोच हा प्रकार. सुट्टीत मिरजेला एका जुन्या कारागिरांना दाखवली. त्यांनी भोपळ्याऐवजी पेटी बघून आधी नाक मुरडलं, मग कान लावून एक तार छेडली, एन्झिरा नखाने केसभर मागे सारला आणि नाद एकदम उघडला. "चामड्याची जवारी आहे ताई, पण लावणाऱ्याला हात आहे," एवढंच बोलले. माझ्या मते हेच गाशेंना मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

पण हा एन्झिराच डोकेदुखीही आहे. तो जरा हलला की तार मुकी होते किंवा किरकिरते. दहाच्या दहा एका मेळात आणायला सुरुवातीला माझी अख्खी संध्याकाळ जायची. नव्या करारात पौल करिंथकरांना लिहितो की बासरी किंवा वीणा स्वरांचा भेद दाखवत नसेल तर काय वाजतंय ते कसं कळणार. त्याने भाषांच्या दानाबद्दल लिहिलंय हे मला माहीत आहे, पण त्या संध्याकाळी माझ्या घरात ते अक्षरशः लागू होतं.

दहा तारा म्हणजे दहा आज्ञा, असं मेम्हिर पहिल्याच दिवशी सांगतात. दोन खांब म्हणजे जुना आणि नवा करार (कोणी मिखाएल आणि गब्रिएल म्हणतं), पेटी म्हणजे पवित्र मरिया, वरचा दांडा म्हणजे देव. मला हे ऐकताना ऑगस्टीन आठवला. उत्तर आफ्रिकेतल्या त्या बिशपने स्तोत्रांतल्या दशतंतू वाद्यावर एक प्रवचनच केलंय: तीन तारा देवाशी वागण्याच्या, सात शेजाऱ्याशी वागण्याच्या, आणि वाद्य नुसतं खांद्यावर वाहू नका, वाजवा. सीरियातल्या एफ्राइमला तर मंडळी 'आत्म्याची वीणा' म्हणत आली. त्या पहिल्या शतकांतले धर्माचार्य वीणेचे अर्थ भरभरून सांगतात आणि खरी वीणा उपासनेत आणायचं म्हटलं की बहुतेक जण हात आखडता घेतात, कारण तिला नाटकशाळेचा आणि मेजवान्यांचा वास लागलेला होता. गाशेंचं "घरी वाजवा" त्याच वळणाचं वाटतं.

आणि दहा तारांपैकी वाजतात किती? पाच किंवा सहा. बाकीच्या बोट टेकवायला. मला हे कळलं तेव्हा पैसे परत मागावेसे वाटले. पण हात बसल्यावर समजतं की बोट एका तारेवरून सुटून पुढच्या मुक्या तारेवर विसावतं, म्हणून खर्जात एवढे जाड सूर असूनही चाल घसरत नाही. वाजवायची डाव्या हाताने, बोटांनी. पूर्वी नखीनेही वाजवत. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की यहुद्यांची दहा तारांची किन्यूरा नखीने वाजत असे आणि बारा सुरांची नाब्ला बोटांनी. दावीद मात्र शमुवेलाच्या पुस्तकात हाताने वाजवतो.

एका हाताने वाजते यावरून आठवलं. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, पाचव्या अध्यायात कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, चोवीस वडील पालथे पडतात, प्रत्येकाजवळ वीणा आणि धुपाने भरलेली सोन्याची वाटी. धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. शब्बाथ शाळेत मी विचारलं होतं की एका हातात वाटी असेल तर वाजवणार कसं, आणि मला कोपऱ्यात उभं केलं होतं. बेगेना डाव्या हातात धरल्यावर उजवा हात मोकळाच राहतो. (पालथं पडून कसं वाजवायचं ते अजून सुटलेलं नाही.)

शिकायची सोय आता बरी आहे. आदिसच्या यारेद संगीत शाळेत 1972 साली बेगेना रीतसर शिकवायला लागले. अलेमू अगा हे तेव्हा तिथे शिकवणारे नावाजलेले वादक. एन्टोटोच्या डोंगरावर वाढलेले, शेजारच्या गुरूंकडून लहानपणी शिकलेले. मग दर्गची, म्हणजे लष्करी कम्युनिस्टांची, राजवट आली, धर्माचं वाद्य म्हणून बेगेना रेडिओवरून आणि वर्गातून गेली. 1991 ला ती राजवट कोसळल्यावर हळूहळू परतली. आता संध्याकाळचे वर्ग चालतात, आणि माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत, कॉलेजातल्या, बँकेतल्या. मेम्हिर आधी वाजवू देत नाहीत. बसायचं, खांबाला खांदा लावायचा, गप्प राहायचं. पेटीवाल्या माणसाची यात फार तगमग होते, आपल्याला ओळ सुरू व्हायच्या आधी चार पट्ट्या वाजवून बघायची सवय.

नगरला नेली तेव्हा काय झालं तेही लिहिते, कारण बरेच जण त्याच हेतूने घेतील. विमानात नेताना गोधडीची जाड खोळ शिवली होती. चौकट सुटी होत नाही, हे आधीच लक्षात घ्या, आणि कातडं-तात असल्यामुळे विमानतळावर चार प्रश्न विचारतात. पाळकसाहेब हौशी. म्हणाले, "ताई, रविवारी स्तोत्राला हीच घ्या." ड्रमसेट, कीबोर्ड आणि दोन गिटार यांत बेगेना कुणालाच ऐकू आली नाही, मलाही नाही. माइक लावला तर झिणझिणाट एवढा वाढला की ऑपरेटरने वायर सैल आहे समजून बंद केला. गुड फ्रायडेला मात्र दुपारच्या उपासनेत, मोठ्या आवाजाचा आमचा गिटारवाला गावाला गेलेला असल्यामुळे, मी एकटीने ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या एका अभंगाखाली नुसता खर्ज धरला. तिथे ती बसली. अभंगाची चाल तिच्यावर वाजवायला जाऊ नका, सूर पाचच आहेत. तानपुऱ्यासारखी खाली धरा आणि गळ्याने गा.

हवेचं बघा. आदिस 2,300 मीटरच्या वर, कोरडं. जून ते सप्टेंबरचा पाऊस सोडला तर कातडं ताठ राहतं. नगरची हवा तिला मानवली. वसईला नणंदेकडे दोन दिवस ठेवली तर पेटीचं कातडं ओलसर पापडासारखं झालं, तात फुगली आणि वास सुटला. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहात एका जागी मेंढ्याच्या मोठ्या आतड्यांच्या तारा नेव्हेलला आणि लहान आतड्यांच्या किन्नोरला (ही दोन्ही त्यांची वीणेसारखी वाद्यं) लावतात असं लिहिलंय, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यांनीही हा वास सोसला असणार. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी नायलॉनच्या तारा लावून घ्याव्यात. आवाजातला थोडा दाणा जातो, पण रोजची कटकट वाचते. गाशेंना नायलॉन म्हटलेलं आवडत नाही. ते 151 वं स्तोत्र म्हणून दाखवतात, जे इथल्या स्तोत्रसंहितेत आहे आणि आपल्यात नाही. त्यात दावीद म्हणतो की वाद्य मी माझ्या हातांनी केलं. "त्याने काय नायलॉन लावलं होतं?"

किंमत बिरमध्ये, म्हणजे इथल्या चलनात, लिहून उपयोग नाही. 2024 च्या जुलैअखेर सरकारने बिर मोकळा सोडला, त्याआधी डॉलरला 57 च्या आसपास होता तो काही आठवड्यांतच शंभरापलीकडे गेला. भारतीय हिशेबाने मला बेगेना मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्यापेक्षा स्वस्त पडली. घासाघीस केली नाही, करावीशी वाटली नाही.

तारे द्यायचेच तर: एकट्याने बसून स्तोत्रं म्हणणाऱ्याला पाचपैकी पाच. गायनमंडळाला एक, तोही गुड फ्रायडेपुरता. दिवाणखान्यात शोभेला शून्य, त्यासाठी मर्काटो आहे.

घ्यायला गेलात तर गाशेंसारख्या माणसाकडे बसून आधी प्रत्येक तार वेगळी ऐका, मुक्या तारासुद्धा. सूर लावायच्या काड्या पिळून बघा, सैल असतील तर तिथल्या तिथे बदलून मागा. सोबत तातेचा जास्तीचा जुडगा आणि एन्झिराचे दहा-बारा तुकडे घ्या, भारतात मिळत नाहीत. मिरजेच्या त्या कारागिरांनी एक तुकडा नमुन्याला ठेवून घेतलाय, बघू जमतो का म्हणाले. जमला तर इथेच खाली लिहीन.